वाढते वय आणि शरीराचे पूर्ववत होणे

आजार, इजा, शस्त्रक्रिया किंवा अतिश्रम यांनंतर शरीर आपल्या मूळ स्थितीला परत येते. या क्रियेला लागणारा काळ वयाबरोबर वाढत जातो आणि उतारवयात पुष्कळदा मूळ स्थिती पूर्णपणे परत मिळतही नाही. विसाव्या वर्षी मुरगळलेला पाय आठवड्याभरात धावू लागतो. सत्तरीत तोच पाय महिनाभर लंगडतो आणि त्या महिन्यात मांडीचे स्नायूही रोडावतात. या मंदावण्याचा अभ्यास वार्धक्यविज्ञान, जराचिकित्सा, भौतिकोपचार आणि क्रीडावैद्यक या शाखांत होतो. हा स्वतंत्र आजार नसून वार्धक्याच्या प्रक्रियेचा एक भाग आहे. मात्र त्याचा वेग माणसामाणसांत फार वेगळा असतो आणि तो काही प्रमाणात बदलताही येतो. दक्षिण व मध्य मुंबईत, म्हणजे गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग या भागांत, हा विषय दोन कारणांनी महत्त्वाचा ठरतो. भारतातील पुनर्वसन-उपचारांची सुरुवातीची काही केंद्रे येथे उभी राहिली आणि जिने चढता येणे हीच जगण्याची अट असलेल्या चाळींत येथील वृद्धांची मोठी संख्या राहत आली आहे.

राखीव क्षमता

निरोगी तरुणाच्या हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे व स्नायू यांच्याकडे रोजच्या गरजेपेक्षा कितीतरी अधिक क्षमता शिल्लक असते. हिला राखीव क्षमता म्हणतात. साधारण तिशीनंतर ही राखीव हळूहळू कमी होऊ लागते, पण रोजच्या व्यवहारात ते जाणवत नाही, कारण रोजचा व्यवहार राखीवेला हात लावत नाही. न्यूमोनिया, पडणे, मोठी शस्त्रक्रिया किंवा चार दिवसांचा ताप आला की हिशेब उघड होतो. घरच्या मंडळींना अशा वेळी ‘कालपर्यंत धडधाकट होते, अचानक खचले’ असे वाटते. प्रत्यक्षात घसरण वीस-तीस वर्षे चाललेली असते. अचानक घडते ती फक्त तिची परीक्षा.

राखीव क्षमता अनेक संस्थांत एकदमच कमी झालेल्या अवस्थेला वृद्धवैद्यकात ‘जराजन्य दौर्बल्य’ मानतात. अमेरिकी संशोधिका लिंडा फ्रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली त्यासाठी पाच खुणा सुचवल्या. नकळत घटलेले वजन, सततचा थकवा, क्षीण झालेली मुठीची पकड, मंद चाल आणि कमी झालेली हालचाल अशा त्या खुणा असून त्यांपैकी तीन आढळल्यास व्यक्ती दुर्बल गटात मोडते. या यादीत वयाचा आकडा नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पंच्याऐंशीव्या वर्षी यांपैकी एकही खूण नसलेली माणसे असतात आणि पासष्टीतच चार खुणा असलेलीही.

अभ्यासाचा इतिहास

भारतीय वैद्यकाने वार्धक्याची दखल फार पूर्वी घेतली. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक जराचिकित्सा किंवा रसायनतंत्र हे आहे. सुश्रुतसंहितेत भूक, तहान, झोप आणि मृत्यू यांच्या जोडीने जरेची गणना स्वाभाविक व्याधींत केली आहे. मध्ययुगीन शार्ङ्गधरसंहितेत तर आयुष्याच्या प्रत्येक दशकात माणूस काय गमावतो याचा क्रमच दिलेला आहे. त्यात पहिल्या दशकात बालपण सरते, कांती तिसऱ्या दशकात, दृष्टी सहाव्यात आणि पराक्रम आठव्या दशकात ओसरतो. हा क्रम मोजमापावर आधारलेला नसला, तरी सगळी गात्रे एकाच वेळी थकत नाहीत हे निरीक्षण अचूक आहे.

भरून येण्याच्या वेगाचे प्रत्यक्ष मोजमाप पहिल्या महायुद्धात झाले. फ्रान्समधील कोंपिएन्य येथे शल्यचिकित्सक अलेक्सी कॅरेल यांच्या युद्धकालीन रुग्णालयात पिएर लकोंत द्यु नुई यांनी सैनिकांच्या जखमांचे क्षेत्रफळ ठरावीक दिवसांनी मोजून जखम आक्रसण्याचा आलेख काढला. जखमेचा आकार आणि सैनिकाचे वय माहीत असेल, तर ती कधी बुजेल हे बरेचसे आधी सांगता येते असे त्यांना दिसले. त्यांच्या गणितानुसार सारख्याच आकाराची जखम दहा वर्षांच्या मुलापेक्षा साठीतील माणसात बुजायला सुमारे पाचपट काळ लागतो. आजच्या जंतुनाशकांच्या व शल्यतंत्राच्या काळात हे प्रमाण जसेच्या तसे लागू होत नाही, पण वयाचा परिणाम आकड्यांत मांडण्याचा तो पहिला गंभीर प्रयत्न होता. गंमत म्हणजे याच कॅरेल यांनी योग्य पोषण मिळाल्यास पेशी प्रयोगशाळेत अमर राहतात असा दावा केला होता. तो दावा १९६१ साली लेनर्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनी खोडून काढला. मानवी पेशी ठरावीक वेळाच, साधारण चाळीस ते साठ वेळा, विभाजित होतात आणि मग थांबतात, असे त्यांनी दाखवले.

शरीरात काय घडते

स्नायू : वयानुसार होणाऱ्या बदलांत स्नायूंचा बदल सर्वांत परिणामकारक आहे, कारण बाकीच्या अवयवांचे बरे होणे बऱ्याच अंशी माणूस हलू-चालू शकतो की नाही यावर अवलंबून असते. तिशीनंतर स्नायूंचे वस्तुमान दर दशकात अंदाजे ३ ते ८ टक्क्यांनी घटते आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद त्याहूनही जलद कमी होते. वजन तेवढेच राहिले तरी स्नायूंची जागा चरबीने घेतलेली असू शकते, त्यामुळे काट्यावरचा आकडा येथे उपयोगी पडत नाही. या ऱ्हासाला अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ साली ‘सार्कोपेनिया’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ मांसाची वाण असा होतो. २०१६ साली अमेरिकेतील रोगवर्गीकरणात त्याला स्वतंत्र संकेतांक मिळाला.

स्नायूतंतूंच्या कडेला ‘उपग्रह पेशी’ नावाच्या मूळपेशी निपचित पडलेल्या असतात. तंतू फाटला की त्या जाग्या होतात, विभाजित होतात आणि फाटलेला भाग सांधतात. उतारवयात त्यांची संख्या घटते, विशेषतः झटपट आकुंचन पावणाऱ्या तंतूंभोवती. हेच तंतू तोल जाताना पाय चटकन पुढे टाकण्यासाठी लागतात. २००५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात इरिना कॉनबॉय, थॉमस रँडो आणि सहकाऱ्यांनी तरुण व वृद्ध उंदरांचे रक्ताभिसरण एकमेकांना जोडले, तेव्हा वृद्ध उंदरांच्या उपग्रह पेशी पुन्हा जोमाने काम करू लागल्या. म्हणजे पेशी संपलेल्या नव्हत्या. त्यांना जागे करणारे संदेश क्षीण झाले होते. या प्रयोगावरून तरुणांच्या रक्ताचे महागडे ‘उपचार’ विकणाऱ्यांना आधार मिळाल्यासारखे वाटले, परंतु माणसांत त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही.

दुसरा बदल अन्नाशी संबंधित आहे. प्रथिनयुक्त जेवणानंतर तरुण स्नायूंत नवे प्रथिन बांधण्याची क्रिया जोरात सुरू होते. तेवढ्याच जेवणाला वृद्ध स्नायू कमी प्रतिसाद देतात. प्रयोगांत तरुणाला शरीराच्या दर किलोमागे एका वेळी सुमारे ०.२४ ग्रॅम प्रथिन पुरेसे ठरले, तर वृद्धाला त्याच परिणामासाठी सुमारे ०.४ ग्रॅम लागले. वय वाढले की भूक कमी होते, दात जातात आणि जेवण हलके होते, त्यामुळे गरज वाढते नेमक्या त्याच वेळी पुरवठा घटतो.

हाडे आणि कंडरा : हाड जुन्या भागाचे शोषण व नव्याची बांधणी अशा अखंड क्रियेने टिकून असते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये आणि पुढे पुरुषांमध्येही शोषण बांधणीच्या पुढे जाते. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरांना मुळातच रक्तपुरवठा कमी असतो, म्हणून खांदा, कोपर व टाच यांची दुखणी चाळिशीनंतर चिवट होतात.

त्वचा : बाह्यत्वचेचा थर तरुणपणी साधारण महिन्याभरात नवा होतो. वृद्धापकाळी त्याला दीडपट ते दुप्पट वेळ लागतो. मधुमेह असल्यास पायाच्या जखमेचा प्रश्न वेगळ्याच पातळीवर जातो, कारण बारीक रक्तवाहिन्या व संवेदना दोन्ही बिघडलेल्या असतात. महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांची शरीरे दिसायला सडपातळ पण आतून चरबीयुक्त असतात, हे दाखवून दिले. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी व ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचीच छायाचित्रे छापली. दोघांचा शरीरवस्तुमान निर्देशांक २२.३ इतका सारखा, परंतु चरबी युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के होती. स्नायूंची पुंजीच लहान असलेल्या माणसाला म्हातारपणीची घट अधिक जाचते, हे ओघाने आलेच.

प्रतिकारशक्ती, हृदय आणि मेंदू : नव्या रोगजंतूंना ओळखणाऱ्या टी-पेशी घडवणारी थायमस ग्रंथी तारुण्यापासूनच आक्रसत जाते. परिणामी वृद्धांत संसर्ग लांबतो आणि लसींचा प्रतिसादही उणा पडतो. दुसरीकडे शरीरात मंद दाह कायम धुमसत राहतो. हृदयाचा कमाल वेग वयाबरोबर उतरतो. प्रचलित सूत्रानुसार २०८ मधून वयाच्या सात-दशांश वजा केल्यास तो मिळतो, म्हणजे सत्तरीत मिनिटाला सुमारे १५९. गाढ झोपेचा वाटा घटतो आणि वाढीच्या संप्रेरकाचा मोठा स्राव याच झोपेत होत असल्याने दुरुस्तीची रात्रपाळी तोकडी पडते. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर वृद्ध रुग्ण काही दिवस भ्रमिष्टासारखे वागतात, वेळ-स्थळ विसरतात. ही अवस्था वेड नसते आणि बहुधा उतरते, परंतु ती आलेल्या रुग्णांचे पुढचे बरे होणे लांबते. चष्मा, श्रवणयंत्र, ओळखीचा माणूस आणि रात्रीची झोप या साध्या गोष्टींनी ती बरीच टाळता येते.

अंथरुणाचा धोका

‘आता वय झालं, पडून राहा’ हा सल्ला मायेपोटी दिला जातो. वैद्यकीय पुरावा त्याच्या विरुद्ध आहे.

१९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आले. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चौथ्या हिश्शाहून अधिक घसरली. तीस वर्षांनी, ते पन्नाशीत असताना, त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांची क्षमता जितकी कमी केली होती, त्याहून अधिक घट तरुणपणीच्या त्या तीन आठवड्यांनी केली होती. पुढे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांनी दहा दिवस अंथरुणात काढले आणि त्यांच्या पायांतील जवळजवळ एक किलो चरबीविरहित वस्तुमान नाहीसे झाले.

डेन्मार्कमधील प्रयोगांनी यात एक बारकावा जोडला. तरुण व वृद्ध पुरुषांचे पाय दोन आठवडे जखडून ठेवले, तेव्हा वृद्धांच्या स्नायूंचे नुकसान तरुणांपेक्षा जास्त नव्हते. फरक नंतर दिसला. चार आठवड्यांच्या व्यायामाने तरुणांनी गमावलेले बहुतेक परत मिळवले, वृद्धांना ते जमले नाही. म्हणजे उतारवयात तोटा वेगाने होतो असे नसून वसुली थकते. रुग्णालयात दाखल झालेल्या सत्तरीपुढच्या रुग्णांपैकी सुमारे एक-तृतीयांश रुग्ण, मूळ आजार बरा होऊनही, आंघोळ, कपडे घालणे, चालणे यांपैकी एखादी क्रिया आधीइतकी न जमणाऱ्या अवस्थेत घरी परततात.

खुब्याचा अस्थिभंग हे याचे सर्वांत गंभीर उदाहरण आहे. जगभरातील आकडेवारीनुसार अशा वृद्ध रुग्णांपैकी वीस ते तीस टक्के रुग्ण वर्षभरात दगावतात आणि वाचलेल्यांपैकी बरेच जण पूर्वीसारखे चालू शकत नाहीत. मृत्यूचे कारण मोडलेले हाड क्वचितच असते. न्यूमोनिया, पायातील रक्ताच्या गुठळ्या, शय्याव्रण आणि हृदयविकार ही पडून राहण्याची फळे असतात. म्हणूनच शक्यतो एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया करून दुसऱ्या दिवशी रुग्णाला बसते-उभे करण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली आहे. ‘या वयात शस्त्रक्रिया कशाला’ म्हणून हाड आपोआप जुळण्याची वाट पाहणाऱ्या कुटुंबाचा हेतू चांगला असतो, पण निवड बहुधा घातक ठरते.

मुंबईतील पुनर्वसन-संस्था

परळमधील राजे एडवर्ड स्मृती रुग्णालय, म्हणजेच केईएम, आणि त्याला जोडलेले सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ पासून गिरणगावाला सेवा देत आले. १९५० साली कमला निंबकर यांनी येथे व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. ते आशियातील या विषयाचे पहिले विद्यालय मानले जाते. निंबकर मूळच्या अमेरिकी होत्या, त्यांचे माहेरचे नाव एलिझाबेथ लुंडी. विवाहानंतर त्या भारतात स्थायिक झाल्या. व्यवसायोपचारात रुग्णाचे हाड किंवा स्नायू बरा झाला एवढ्यावर न थांबता त्याला स्वतःच्या हाताने जेवता, वेणी घालता, पाण्याची बादली उचलता येते का हे पाहिले जाते. वृद्धांच्या बाबतीत बरे होण्याची हीच खरी कसोटी असल्याने, अपंगत्वाच्या विचारातून आलेली ही शाखा पुढे वृद्धांच्या उपचारात अपरिहार्य झाली. १९५२ साली निंबकर यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय व्यवसायोपचार संघटना स्थापन झाली. फलटण येथील ‘कमला निंबकर बालभवन’ ही शाळा त्यांच्या नावाने ओळखली जाते. केईएममध्येच १९५३ साली केंद्र सरकार, मुंबई महापालिका व जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने भौतिकोपचाराचे विद्यालय सुरू झाले. १९५५ साली हाजी अली येथे केंद्र सरकारची ‘ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन’ ही संस्था उभी राहिली. कृत्रिम अवयव, पक्षाघातानंतरचे प्रशिक्षण आणि पुनर्वसन-वैद्यकाचे पदव्युत्तर शिक्षण यांसाठी ती देशभर परिचित आहे.

गिरणगाव, चाळ आणि जिना

गिरणी कामगारांच्या पिढीने म्हातारपणात प्रवेश केला तो आधीच खर्ची पडलेली राखीव क्षमता घेऊन. कापूस पिंजण्याच्या व कार्डिंगच्या खात्यांत तंतूंची धूळ श्वासावाटे जाऊन ‘बिसिनोसिस’ हा फुप्फुसविकार होत असे. सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे हे त्याचे ओळखीचे लक्षण होय. अशा कामगाराला सत्तरीत होणारा साधा न्यूमोनिया, धुळीपासून दूर राहिलेल्या समवयस्काच्या मानाने जड जातो. रात्रपाळ्यांनी झोपेचे चक्र वर्षानुवर्षे विस्कटलेले असे, तो भाग वेगळाच.

कामगार राज्य विमा कायदा १९४८ साली झाला आणि या योजनेचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय परळमध्येच आहे. योजना नोकरी व वर्गणी यांच्याशी बांधलेली होती. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि नोकरीबरोबर हा आधारही सुटला. संपाच्या वेळी पस्तिशीत असलेला कामगार २०२० च्या दशकात पंचाहत्तरीच्या आसपास आहे. म्हणजे ज्या वयात पुनर्वसनाची गरज सर्वाधिक, त्या वयात तो महापालिकेच्या रुग्णालयांवर आणि मुलांच्या मिळकतीवर अवलंबून राहिला.

१९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे बांधलेल्या बीडीडी चाळी तळमजला अधिक तीन मजल्यांच्या असून त्यांत सुमारे १६० चौरस फुटांच्या खोल्या व सामायिक शौचालये आहेत. उद्वाहन नाही. गिरगावातील जुन्या चाळींचे लाकडी जिने याहून अरुंद व चढे. अशा इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या वृद्धेच्या दृष्टीने ‘बरे होणे’ या शब्दाचा अर्थ अगदी ठोस असतो. बाजार, देऊळ, दवाखाना आणि मैत्रिणी जिन्याच्या खाली असतात. पायांतील ताकद ठरावीक मर्यादेच्या किंचित खाली गेली की हे सारे एकदम तुटते, मग खोलीतच राहिल्याने पाय आणखी क्षीण होतात आणि चक्र पूर्ण होते. उकिडवे बसण्याच्या शौचालयाचेही तसेच. गुडघा वाकेनासा झाला की वृद्ध माणसे पाणी पिणे कमी करतात, हे डॉक्टरांना सहसा सांगितले जात नाही.

याची दुसरी बाजूही आहे. रोजचा जिना, जमिनीवर मांडी घालून जेवणे, खाली बसून भाजी निवडणे आणि पुन्हा उठणे हा नकळत होणारा पायांचा व्यायाम असतो. ब्राझीलमधील डॉ. क्लाउदियो जिल आराउजो यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५१ ते ८० वर्षांच्या सुमारे दोन हजार व्यक्तींना हाताचा आधार न घेता जमिनीवर बसून उठायला सांगितले. ज्यांना ते अजिबात जमत नव्हते, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण पुढील काही वर्षांत बरेच अधिक आढळले. जमिनीवर बसणे आयुष्य वाढवते असा याचा अर्थ नाही. ते जमणे हे पायांची ताकद, तोल आणि लवचिकता शिल्लक असल्याचे लक्षण आहे. पुनर्विकासानंतर उंच इमारतींत उद्वाहने येतात, त्याने बाहेर पडणे सुकर होते, पण हा फुकटचा व्यायामही संपतो.

खेळाडूंची उदाहरणे

खेळाडूंत हा फरक सामान्यांच्या आधी दिसतो, कारण त्यांना राखीव क्षमता रोजच वापरावी लागते. मुंबईचे विजय मर्चंट (जन्म १२ ऑक्टोबर १९११) यांनी नोव्हेंबर १९५१ मध्ये दिल्लीत इंग्लंडविरुद्ध १५४ धावा केल्या, तेव्हा त्यांनी वयाची चाळिशी नुकतीच पूर्ण केली होती. भारतातर्फे कसोटी शतक करणाऱ्यांत ते सर्वाधिक वयाचे ठरले. त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना खांदा दुखावला आणि ती त्यांची अखेरची कसोटी ठरली. कौशल्य शाबूत होते, खांदा भरून येण्याइतका काळ उरला नव्हता.

दादरला जन्मलेल्या व शिवाजी पार्कवर घडलेल्या सचिन तेंडुलकर यांना २००४ साली, एकतिसाव्या वर्षी, कोपराच्या कंडरेच्या दुखण्याने गाठले. मे २००५ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि ऑक्टोबरमध्ये ते मैदानावर परतले. २००६ साली खांद्याचीही शस्त्रक्रिया करावी लागली. त्यानंतर २४ फेब्रुवारी २०१० रोजी ग्वाल्हेर येथे, सदतिसाव्या वाढदिवसाला दोन महिने असताना, त्यांनी पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यांतील पहिले द्विशतक केले. दोन उदाहरणांतील अंतर केवळ प्रकृतीचे नाही. मधल्या अर्धशतकात शल्यतंत्र, भौतिकोपचार आणि सरावाचा भार मोजून ठरवण्याचे शास्त्र यांत मोठी प्रगती झाली होती. नियमित व्यायाम करणाऱ्या प्रौढ खेळाडूंचे स्नायू कठोर सरावानंतर तरुणांपेक्षा खरोखरच उशिरा सावरतात की त्यांना तसे फक्त जाणवते, याविषयी संशोधकांत एकमत नाही. काही अभ्यासांत ताकद सारख्याच वेळात परतली, ठणका मात्र अधिक काळ राहिला.

उपाय

सर्वांत भक्कम पुरावा ताकदीच्या व्यायामाच्या बाजूने आहे. १९९० साली मारिया फिआतारोने व सहकाऱ्यांनी बॉस्टनमधील वृद्धाश्रमातील नव्वदीच्या आसपासच्या दहा व्यक्तींना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. पूर्ण केलेल्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. त्यांच्यापैकी काहींना आधी काठीशिवाय चालता येत नव्हते. चालणे हृदयाला हितकारक आहे, परंतु केवळ चालण्याने मांडीच्या स्नायूंची ताकद फारशी वाढत नाही. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवतीची फेरी सुमारे १.२ किलोमीटरची असून तेथे पहाटे व सायंकाळी ज्येष्ठांची गर्दी असते. याच मैदानाच्या कडेला श्री समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब शिकवला जातो. त्याचे प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठणे हा व्यायाम फेरीला जोडल्यास अधिक लाभ होतो, असे भौतिकोपचारतज्ज्ञ सांगतात. हृदयविकार किंवा अस्थिभंग असल्यास सुरुवात त्यांच्या देखरेखीखाली करावी लागते.

आहारात भारतीय प्रौढांसाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस आहे. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१३ साली निरोगी वृद्धांसाठी १ ते १.२ ग्रॅम आणि आजारातून उठणाऱ्यांसाठी १.२ ते १.५ ग्रॅम सुचवले. मूत्रपिंडाचा गंभीर विकार असलेले रुग्ण याला अपवाद आहेत. ६० किलोच्या व्यक्तीला एका जेवणात सुमारे २४ ग्रॅम प्रथिन हवे असे धरल्यास मऊ भात आणि वरणाचे पाणी हा आजाऱ्याचा पारंपरिक आहार त्याच्या जवळपासही जात नाही. एका अंड्यात सहा ग्रॅम, एका पेला दुधात सहा-सात ग्रॅम प्रथिन असते. मुगाची किंवा मटकीची उसळ, दही, आणि खाणाऱ्यांसाठी मासळी यांची भर घालता येते. ताप उतरल्यावर पथ्य लांबवण्याची सवय वृद्धांच्या बाबतीत विशेष नुकसानकारक आहे.

नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी काही आठवडे व्यायाम व आहार सुधारून राखीव वाढवण्याची पद्धतही अनेक रुग्णालयांत आली आहे. गुडघेरोपणासारख्या शस्त्रक्रियांत ती विशेष सोयीची आहे, कारण तारीख आधी ठरलेली असते.

मोजमाप

आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार मुठीची पकड पुरुषांत २८ किलोपेक्षा व स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी असल्यास, चाल सेकंदाला एक मीटरहून मंद असल्यास किंवा खुर्चीवरून पाच वेळा उठून बसायला बारा सेकंद वा अधिक लागत असल्यास स्नायूऱ्हासाची तपासणी करावी. शेवटची चाचणी घरी घड्याळ लावून करता येते. भारतात अशी मोजमापे मोठ्या प्रमाणावर प्रथम ‘लाँजिट्यूडिनल एजिंग स्टडी इन इंडिया’ या सर्वेक्षणात २०१७-१८ मध्ये घेतली गेली. त्याचे संयोजन मुंबईतील देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केले असून ४५ वर्षे व त्यापुढील वयाच्या सुमारे ७२,००० व्यक्तींची पकड, चाल, तोल व रक्तदाब त्यांच्या घरी जाऊन तपासण्यात आले. त्याच व्यक्तींना काही वर्षांच्या अंतराने पुन्हा भेटण्याची या सर्वेक्षणाची रचना आहे. त्यामुळे मधल्या काळात आजारी पडलेल्यांपैकी कोण सावरले आणि कोण नाही, याचा माग त्यातून काढता येतो.